दशगुणी तेलाचा अकरावा गुण

विघ्नेश मालशे यांचं पोट दुसऱ्यांचे शब्द खोडण्यावर चालायचं. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये तेविसाव्या मजल्यावर जहूर सेठची कंपनी होती. ती भारतातून तेलं, साबण, क्रीमं आणि दंतमंजनं आणून आखातभर विकायची. माल निघण्याआधी त्याचं लेबल मालशेंच्या टेबलावर यायचं. 'सात दिवसांत गोरेपणा' असं छापलेलं दिसलं की मालशे लाल पेन उघडून तो गोरेपणा काढून घ्यायचे. 'केसगळती कायमची बंद' असं दिसलं की केसगळती पुन्हा सुरू करायचे. एकोणीस वर्षांत त्यांनी असे किती लोकांचे गुडघे बरे होऊ दिले नाहीत, याची गणती नाही. ऑफिसात पाठीमागे त्यांना खोडरबर म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांना ते आवडायचंही.

त्यांचे प्रश्न तीनच असत. पुरावा कुठाय? कागद पूर्ण आहे का? सही कुठाय? कुणी समाधानी गिऱ्हाइकाचं पत्र स्कॅन करून पाठवलं आणि त्याची कड जरा जरी कापलेली दिसली, तर मालशे ते परत पाठवत. "कापलेला कागद चालणार नाही," एवढं एकच वाक्य खाली. या प्रश्नांचा एक फॉर्मही त्यांनी स्वतः बनवला होता, बारा मुद्द्यांचा. त्या फॉर्मला तिथल्या आरोग्य मंत्रालयातसुद्धा मान आहे असं ते घरी सांगत. बायको सुनेत्रा ऐकून घ्यायची.

आता गंमत अशी की या खोडरबराचा जन्म शाईच्या कारखान्यात झालेला. मालशेंचे पणजोबा त्र्यंबक बाबाजी मालशे हे एकशेवीस वर्षांपूर्वी राजापूरहून गिरगावात आले आणि स्वतःला 'डॉक्टर' म्हणवून घेऊ लागले. कुठल्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टर केलं याची चौकशी करण्याइतका वेळ त्या काळी कुणाला नव्हता. त्यांनी एक तेल काढलं, 'मालशेकृत दशगुणी तेल'. घरात त्यांना तेलपणजोबा म्हणत.

तेल कसं होतं ते देव जाणे, पण जाहिरात करावी तर त्या म्हाताऱ्याने. वर्तमानपत्रात तर द्यायचेच, शिवाय पंचांगाच्या मागच्या पानावर, नाटकाच्या हँडबिलाच्या तळाशी, जत्रेत बैलगाडीवर ताशा लावून. गाडीत एक माणूस डोकं पुढे करून बसवलेला असायचा, दाट काळे केस मिरवत. त्या माणसाने ते तेल जन्मात लावलेलं नव्हतं. तो मुळातच केसाळ घराण्यातला होता. मालशेंच्या वडिलांनी या सगळ्या जाहिरातींची कात्रणं एका फाइलीत जपून ठेवली होती. १९०३ सालच्या कात्रणात तेल 'विलायती पद्धतीने, खास यंत्रांवर' तयार होत होतं. तीन वर्षांनी स्वदेशीची चळवळ तापली आणि तेच तेल 'संपूर्ण स्वदेशी, परकी यंत्राचा स्पर्शही न झालेले' झालं. लढाई सुरू झाली तेव्हा ते शिपायांच्या पायांना उपयोगी पडू लागलं. इन्फ्लुएन्झाची साथ आल्यावर दहा गुणांतून विंचवाचा दंश निघाला आणि त्याच्या जागी इन्फ्लुएन्झा बसला. गुण दहाच राहिले पाहिजेत, नाव बदलायला छपाईचे ठोकळे नव्याने करावे लागले असते. टक्कल, अर्धशिशी, यकृत, मूळव्याध आणि विद्यार्थ्यांचं बुद्धिमांद्य मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हटले नाहीत. सगळ्यांच्या खाली ठळक टायपात असायचं: 'आमचे यश पाहून पुष्कळ लबाड लोक निघाले आहेत. बाटलीवर आमची सही पाहून घ्यावी.'

मालशे अधूनमधून ही फाइल उघडत आणि लाल पेन हातात नसतानाही त्यांचा अंगठा शिवशिवायचा. तरी ते पणजोबांना हसत नसत. त्याला कारण होतं भिंतीवरची फ्रेम.

शारजात अल नहदाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, देव्हाऱ्याशेजारी एक लाकडी फ्रेम होती. तिच्यात एका गोऱ्या साहेबाचं खरंखुरं, शाईने लिहिलेलं इंग्रजी पत्र होतं. घरातल्या प्रत्येकाला ते मराठीत तोंडपाठ होतं: 'आपले तेल मी तीन महिने वापरले. परिणाम पाहून माझे सारे घर थक्क झाले आहे.' जाहिरातींत याच ओळी 'कर्नल हॉजकिन्स साहेबांचा अभिप्राय' म्हणून छापून यायच्या. पत्राच्या खाली निळ्या मखमलीची रुंद पट्टी, तिच्यावर जरीने 'श्री दशगुणी प्रसन्न'. दसऱ्याला लॅपटॉप, गाडीची चावी आणि हे पत्र अशी एकत्र पूजा व्हायची, आणि झेंडूचा हार बरोबर त्या पट्टीवर यायचा. बाकी सगळं बोलाचं असेल, पण निदान एक माणूस खरोखर बरा झाला आणि त्याने स्वतःच्या हाताने तसं लिहून दिलं, या एका आधारावर चार पिढ्या ताठ मानेने जगल्या होत्या. मालशेंनाही तेवढा एक पुरावा पुरत होता.

यंदाच्या दसऱ्याला ऑफिसातली मार्केटिंगची ईशानी जेवायला आली. पुण्याची, एकोणतीस वर्षांची, बोलताना सारखी घाईत. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन ती फ्रेमपुढे उभी राहिली ती हललीच नाही.

"विघ्नेश सर, हे ओरिजिनल आहे? आणि तेल अजून बनतं?"

"राजापूरला माझा चुलतभाऊ गणू बनवतो. वर्षाला दोनतीनशे बाटल्या. सवय म्हणून."

"सर, हे गोल्ड आहे! हेरिटेज ब्रँड! सिन्स नाइन्टीन हंड्रेड अँड थ्री!"

"ईशानी, श्रीखंड घे अजून थोडं, असं म्हणणार होते मी," सुनेत्रा हसून म्हणाली, "पण ही ऐकायच्या मनःस्थितीत दिसत नाही."

मालशेंची सोळा वर्षांची मुलगी आभा फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, प्लीज. इट्स अ हेअर ऑइल."

आठवड्याभरात जहूर सेठने मालशेंना केबिनमध्ये बोलावलं. सेठ गोड माणूस होता, आणि गोड बोलून काय करायचं ते करायचा. "विघ्नेशभाई, लेबल का काम अब सॉफ्टवेअर देखेगा. डिसेंबर में आप का कॉन्ट्रॅक्ट खतम है, रिन्यू करने का मेरा इरादा नहीं था." मालशेंनी खिशातलं लाल पेन चाचपलं. "लेकिन ये दशगुणी का आयडिया बढ़िया है. ये लाँच हुआ तो आप हेरिटेज हेड. दो साल का व्हिसा. बस वो कर्नल की चिठ्ठी की फाइल क्लिअर कर दो. आप ही करोगे ना, आप का तो डिपार्टमेंट है."

मालशे हो म्हणाले. नाही म्हणून करतात काय? छप्पन्नाव्या वर्षी दुबईत नवी नोकरी मिळणं म्हणजे टकलावर केस येण्यासारखं, आणि त्याची शाश्वती फक्त तेलपणजोबा देत. दुसरी एक वाट होती, पण ती मालशे वाट म्हणून मोजतच नव्हते. सुनेत्रा अल नहदातल्याच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दवाखान्याची मॅनेजर होणार का, असं डॉक्टरांनी तिला तीनदा विचारलं होतं. तो पगार आला की तिच्या नावावर घरच्यांचा व्हिसा निघू शकला असता. तीनदा मालशे म्हणाले होते, "बायकोच्या व्हिसावर राहायला मी काय सामान आहे?" सुनेत्राने तीनदा ते पद सोडलं होतं.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाने घरी येऊन मालशेंनी डायनिंग टेबलावर फॉर्म पसरला. दहा गुण त्यांनी दहा मिनिटांत खोडले. टक्कल गेलं, यकृत गेलं, विद्यार्थी पुन्हा मंद झाले. मग अभिप्राय. मुद्दा पहिला, मूळ कागद आहे का? आहे. दुसरा, हस्तलिखित आहे का? आहे. तिसरा, वाचता येतं का? येतं. चौथा, सही दिसते का?

मालशे उठून फ्रेमपाशी गेले. चष्मा पुसला. पत्रावर सही नव्हती.

एकोणीस वर्षं रोज परक्यांना "सही कुठाय" विचारणाऱ्या या माणसाने स्वतःच्या देव्हाऱ्याशेजारी ती कधी शोधली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांच्या वडिलांनी शोधली नाही, आजोबांनीही नाही. पूजेच्या वस्तूची तपासणी करायची नसते ना.

त्यांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि मखमलीची पट्टी उचलली. खाली पत्राचा उरलेला अर्धा भाग होता. ऊन न लागल्यामुळे त्याची शाई वरच्यापेक्षा काळीभोर राहिली होती. साहेबाने लिहिलं होतं:

'पूर्वी कुरकुरणारे एकही दार आता आवाज करीत नाही. बिजागऱ्यांसाठी याहून उत्तम वस्तू मी हिंदुस्थानात पाहिली नाही. डोक्यास लावण्याचा प्रयोग माझ्या खानसाम्याने केला. तो हल्ली टोपी घालतो. कृपया आणखी बाटल्या पाठवू नयेत, पहिलीच अजून शिल्लक आहे.'

खाली सही. आणि सहीच्या खाली हुद्दा: असिस्टंट ओव्हरसिअर, रस्ते खाते. कर्नल त्यांना तेलपणजोबांनी केलं होतं, बढतीची वाट न पाहता.

मालशे खुर्चीत बसले. आधी त्यांना हसू आलं, मोठ्याने, एकट्याने. मग ते थांबलं आणि डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते वडिलांचं. वडील शेवटच्या आजारपणातही डोक्याला तेच तेल लावून घ्यायचे आणि म्हणायचे, कर्नलसाहेबांना गुण आला, मला का नाही येणार.

ईशानीला त्यांनी फोनवर सांगितलं. तिने नेहमीच्या घाईत उपाय सांगितला.

"सर, मग क्रॉप करू ना. वरचा हाफ तर खोटा नाहीये. त्यानेच लिहिलंय."

"अर्धं वाक्य आहे ते, ईशानी."

"सर, मार्केटिंग म्हणजे सगळं अर्धंच असतं. आणि तुमच्या ग्रेट-ग्रँडफादरनी ऑलरेडी क्रॉप केलंय! आपण फक्त ट्रॅडिशन कंटिन्यू करतोय."

बोलणं बिनतोड होतं. मालशेंनी खरंच पत्र स्कॅन केलं आणि कॉम्प्युटरवर खालचा भाग कापला. कापलेलं पत्र सुरेख दिसत होतं. पुढचे तीन दिवस ते फाइल उघडत आणि मिटत राहिले. सही कुठाय या रकान्यात 'फ्रेममध्ये' असं लिहिलं, मग खोडलं. सुनेत्राला ते काही बोलले नाहीत, पण चहात साखर घालायची दोनदा विसरले आणि एकदा मीठ घातलं.

तिसऱ्या दिवशी सुनेत्रा म्हणाली, "अहो, त्या बाथरूमच्या दाराचं काहीतरी करा. चार वर्षं सांगतेय. आभा सकाळी आत गेली की अख्खा मजला जागा होतो."

गणूने लाँचसाठी नमुन्याच्या चाळीस बाटल्या पाठवल्या होत्या. त्या बाल्कनीत पडून होत्या. मालशेंनी एक उघडली. आवळा, ब्राह्मी आणि आणखी कसला तरी जुना, मोटारीच्या गॅरेजची आठवण करून देणारा वास आला. त्यांनी कापसाच्या बोळ्याने दाराच्या तिन्ही बिजागऱ्यांना तेल लावलं आणि दार ढकललं. दार हवेसारखं फिरलं. पुन्हा ढकललं. आवाज नाही.

आभा बाहेर येऊन बघत उभी राहिली. "बाबा, इट अॅक्च्युअली वर्क्स?"

मालशे दाराला धरून उभे होते. "म्हाताऱ्याला माहीत होतं," ते म्हणाले. "हे पत्र त्याने वाचलं होतं, पूर्ण वाचलं होतं. देवाने हातात खरा गुण दिला होता गं. बिजागऱ्यांचं तेल म्हणून विकलं असतं तर गावोगाव खपलं असतं, लोकांनी दुवा दिला असता. आणि त्याने काय केलं? खरा होता तेवढाच गुण मखमलीखाली झाकला आणि खोटे दहा विकले!"

आभाने पहिल्यांदा ते पत्र नीट वाचलं, वरून खालपर्यंत. खानसाम्याच्या ओळीला तिला इतकं हसू फुटलं की तिने फोन खाली ठेवला. "बाबा, दिस हाफ इज सो मच बेटर. हे हाफ का लपवलं?"

 मालशेंनी त्या दुपारी फॉर्म पूर्ण केला. दहा दावे नामंजूर, पुरावा नाही. पत्र संपूर्ण जोडले आहे. अकरावा दावा, बिजागऱ्यांना गुणकारी: मंजूर. पुरावा: एक ओव्हरसिअर, एक बाथरूम.

जहूर सेठने फाइल वाचली आणि मनापासून हसला. मग हसू आवरून म्हणाला, "विघ्नेशभाई, दुनिया आधा ही पढ़ती है. आधा ही दिखाओ. मैं बालों का तेल बेचता हूँ, दरवाज़े का नहीं."

"सेठ, कटा हुआ काग़ज़ मैं ने उन्नीस साल में किसी का पास नहीं किया."

"ये तो आप के अपने परदादा का है."

"इसीलिए तो नहीं कर सकता. दूसरे का होता तो शायद कर देता," मालशे म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सेठने खांदे उडवले. "ठीक है. खलास." वाईटपणा काही घेतला नाही, निरोपाला केक आणला, त्यावर नावही बरोबर लिहून आणलं. ईशानीने पंधरा दिवसांत केरळमधल्या कुणाचे तरी पणजोबा शोधून काढले. ते पूर्ण होते की अर्धे, हे तपासायला आता सॉफ्टवेअर होतं.

घरी मालशेंनी सगळं सांगितलं तेव्हा सुनेत्रा भाजी निवडत होती. "आता परत जावं लागेल," ते म्हणाले. "आभाचं वर्ष मधेच तुटेल. माझ्यामुळे."

"डॉक्टरांनी गेल्या महिन्यात चौथ्यांदा विचारलं," सुनेत्रा म्हणाली. "या वेळी मी तुम्हाला विचारलंच नाही. हो म्हणून आले."

मालशे तिच्यासमोर बसून भाजी निवडू लागले. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही अर्धंच ऐकता. पूर्ण झालं की सांगणार होते."

जानेवारीत विघ्नेश मालशे बायकोच्या व्हिसावर आले. कागदावर प्रायोजकाच्या जागी सुनेत्राचं नाव होतं. त्यांनी ते लाल पेन न काढता वाचलं, खालपर्यंत. सकाळी ती दवाखान्यात गेली की डबे, इस्त्री आणि आभाची बस हे ते बघायचे. पहिले दोन आठवडे त्यांना लिफ्टमध्ये कुणी भेटू नये असं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात बाल्कनीतल्या एकोणचाळीस बाटल्यांकडे बघून त्यांना एक कल्पना सुचली. विकायच्या नाहीत, विकायला परवाना लागतो, ते कुणी मालशेंना शिकवू नये. फुकट वाटायच्या. इमारतीचा वॉचमन रामेश्वर याची रीतसर परवानगी घेऊन त्यांनी लिफ्टमध्ये एक हँडबिल लावलं. मजकूर मराठीत त्यांनी लिहिला, हिंदी आणि इंग्रजी आभाने केलं. तेलपणजोबांच्या घाटातच होता तो, ठळक टाइप, चौकट आणि कोपऱ्यात बोट दाखवणारा हात:

'ज्यांच्या घरात दारे कुरकुरतात त्या सर्वांस कळवण्यात येते की, मालशेकृत दशगुणी तेल मोफत मिळेल. याने केस उगवत नाहीत. यकृत जसे आहे तसे राहते. मुले हुशार होत नाहीत. डोक्यास लावल्यास टोपीची व्यवस्था स्वतः करावी. दार मात्र गप्प होते. मूळ अभिप्राय सहीसकट, संपूर्ण, फ्लॅट नंबर ९०४ मध्ये केव्हाही पाहावा.'

लोक आले. आधी तेल न्यायला आले, मग पत्र बघायला. कुणी पेशावरचा, कुणी तिरुवनंतपुरमचा. ओव्हरसिअरच्या खानसाम्यावर सगळे सारखेच हसायचे, आणि मालशे प्रत्येकाला पट्टी कुठे होती ते बोटाने दाखवायचे.

महिनाभराने रामेश्वर दारात आला. तो छपरा गावाकडचा, पूर्ण टकला माणूस; पंपाच्या खोलीच्या दारासाठी एक बाटली घेऊन गेला होता. त्याने वहीचं पान पुढे केलं. "साब, आभा बिटिया ने बोला, लिख के दो. मैं ने लिख दिया."

पानावर होतं: 'दरवाज़ा चुप है. थोड़ा सिर पर भी लगाया था. सिर वैसा ही है. रामेश्वर, वॉचमन.'

मालशेंनी सवयीने पान उलटून पाहिलं, कडा तपासल्या, सही बघितली. एकशेवीस वर्षांत या तेलाला मिळालेला दुसरा खरा अभिप्राय होता तो. त्यांनी फ्रेम उतरवली. मखमलीची पट्टी पत्राच्या कडेच्याही खाली पसरलेली होती, ती गेल्यावर तिथे रिकामी जागा उरली होतीच. रामेश्वरचं पान त्यांनी तिथे बसवलं, चारी कोपरे दिसतील असं.